पहाटे कुरकुरणारी गाडी दुपारी गप्प का होते? थंडी, दव आणि चार चौकटी

डिसेंबर उजाडला की कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या गाडीवाल्यांची एक ठरलेली तक्रार सुरू होते. सकाळी साडेसहाला गाडी काढली की डॅशबोर्ड कडकडतो, मागचा दरवाजा कुरकुरतो, गतिरोधकावर कुठंतरी खडखडतं. नऊ वाजता ऊन चढलं की सगळं शांत. दुपारी गाडी गॅरेजला न्यावी तर मेकॅनिक एक चक्कर मारून येतो आणि म्हणतो, "आवाज तर काहीच नाही." यावर गाडीवाल्याचं उत्तर ठरलेलं असतं: "थंडीमुळं होतं हो ते."

आज हेच वाक्य तपासायचं आहे. "थंडीमुळं होतं" हे ऐकायला कारण वाटतं, पण खरं तर ते निरीक्षण आहे. सकाळी आवाज येतो आणि सकाळी थंडी असते, एवढंच आपल्याला माहीत आहे. पीएच.डी.च्या सिनॉप्सिसमध्ये अशी वाक्यं खूप सापडतात: दोन गोष्टी सोबत दिसल्या, की एक दुसरीचं कारण. मी पॉलिमरच्या घर्षणावर काम करते, म्हणून उदाहरण माझ्या विषयातलं घेतलंय. पण यातली पद्धत तुम्ही वनस्पतिशास्त्रात, अर्थशास्त्रात, कुठंही वापरू शकता.

आधी आवाजांना नावं द्या

"गाडी आवाज करते" ही नोंद कामाची नाही. मराठीत ध्वनीसाठी इतके शब्द आहेत की अर्धं वर्गीकरण तिथंच होतं.

खडखड म्हणजे दोन वस्तू एकमेकींवर आपटतायत. मध्ये फट आहे आणि हादरा बसला की ती फट बंद होते, उघडते, पुन्हा बंद होते. नंबर प्लेट, डिकीतला जॅक, सैल झालेली क्लिप ही त्याची नेहमीची ठिकाणं.

कुरकुर किंवा करकर म्हणजे दोन पृष्ठभाग घासतायत, पण सलग नाही, अडकत-सुटत. दरवाजाचं रबर, सीटचं रेक्झिन, प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक.

झिणझिण म्हणजे एखादा पातळ पत्रा किंवा पट्टी विशिष्ट कंपनाला थरथरतेय. सायलेन्सरवरचा उष्णतेपासून बचाव करणारा पत्रा हे नेहमीचं उदाहरण.

वाहन उद्योगातले संशोधकही साधारण असेच तीन गट करतात, कारण तिघांचं भौतिकशास्त्र वेगळं आहे आणि म्हणून इलाजही वेगळा. खडखडीवर ग्रीस लावून उपयोग नाही आणि कुरकुरीवर स्क्रू आवळून नाही.

कुरकुर होते कशी?

खडखड समजायला सोपी आहे. कुरकुरीत जरा थांबू. एक जड पेटी रबरी दोरीनं ओढतोय अशी कल्पना करा. आधी पेटी हलत नाही, दोरी ताणत जाते. ताण पुरेसा झाला की पेटी झटकन पुढं सरकते, दोरी सैल पडते, पेटी पुन्हा थांबते. स्थिर असतानाचं घर्षण सरकतानाच्या घर्षणापेक्षा जास्त असल्यामुळं हे होतं. हा अडक-सुटीचा खेळ सेकंदाला काही शे वेळा झाला की कानाला कुरकुर ऐकू येते.

१९३९ मध्ये बाउडन आणि लेबेन यांनी धातूंवर प्रयोग करून हे अडकणं-सुटणं नीट मोजून दाखवलं. त्याच्याही आधी, १९१८ मध्ये, सी. व्ही. रामन यांनी कलकत्त्यात गजानं वाजणाऱ्या तारांच्या कंपनांवर मोठा प्रबंध लिहिला होता. व्हायोलिनची तार गजाला चिकटते आणि सुटते, तेच तत्त्व. पुढं १९६६ मध्ये ब्रेस आणि बायर्ली यांनी भूकंपाच्या भेगांवरही हीच कल्पना लावली. म्हणजे तुमच्या मागच्या दरवाजाची कुरकुर आणि जमिनीखालच्या खडकाचं सरकणं यांचं गणित एका घराण्यातलं आहे.

थंडी नेमकं काय करते?

कर्जत-खालापूरची थंडी म्हणजे काही हिमाचलची थंडी नाही. पण आपण समुद्रापासून आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहोत. निरभ्र रात्री जमीन झपाट्यानं निवते आणि डोंगरउतारावरची गार हवा खाली खोऱ्यात उतरून साचते. त्यामुळं पहाटे १५ अंशांच्या आसपास असलेला पारा दुपारी ३० च्या घरात जातो. आपल्या गाडीला छळतो तो हा रोजचा चढउतार.

एक छोटं गणित करू. डॅशबोर्डचं प्लॅस्टिक बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनच्या मिश्रणाचं असतं. त्याचा रेषीय प्रसरणांक दर अंशाला सुमारे ८० दशलक्षांश धरू. लोखंडी सांगाड्याचा सुमारे १२. डॅशबोर्ड १.४ मीटर लांब. पहाटे तो १५ अंशांवर, तर दुपारी उन्हात बंद गाडीत काळा डॅशबोर्ड ६० अंशांवर सहज जातो. फरक ४५ अंशांचा.

प्लॅस्टिक: १.४ मीटर × ८० दशलक्षांश × ४५ = सुमारे ५ मिलिमीटर.
लोखंड: १.४ मीटर × १२ दशलक्षांश × ४५ = सुमारे ०.८ मिलिमीटर.

दोघं एकमेकांना क्लिपांनी बांधलेले आणि त्यांच्या लांबीतल्या बदलात ४ मिलिमीटरहून जास्त तफावत! म्हणूनच क्लिपांची भोकं गोल न ठेवता लांबट ठेवतात, प्लॅस्टिकला सरकायला जागा मिळावी म्हणून. पहाटे प्लॅस्टिक आकसलेलं असतं, काही ठिकाणी फट पडते आणि खडखड सुरू होते. ऊन चढलं की फट भरते.

दुसरा परिणाम कडकपणाचा. प्रत्येक पॉलिमरला एक तापमान असतं, ज्याच्या खाली तो काचेसारखा कडक होतो. पॉलिप्रॉपिलीनसाठी ते शून्य अंशाच्या जवळपास आहे. १५ अंश त्याच्या वर असले तरी फार वर नाहीत; दुपारच्या मानानं पहाटे हे प्लॅस्टिक बरंच ताठ असतं आणि कंपनं कमी शोषतं. याउलट दरवाजाचं रबर, ज्याला गॅरेजमध्ये बीडिंग म्हणतात, ते सहसा ईपीडीएम जातीचं असतं आणि त्याचं कडक होण्याचं तापमान उणे ५० च्या आसपास आहे. म्हणजे "कर्जतच्या थंडीत रबर दगड होतं" हे म्हणणं चांगल्या स्थितीतल्या रबराला फारसं लागू होत नाही. मग रबर पहाटेच का कुरकुरतं? इथून खरा प्रश्न सुरू होतो.

थंडी एकटी येत नाही

पहाटे थंडीशिवाय आणखी काय काय बदलतं, याची यादी करा. मी केली ती अशी:

१. दव. गाडीचा पत्रा रात्री आकाशाकडं उष्णता फेकतो आणि हवेपेक्षाही गार होतो. बॉनेट आणि काचा ओल्या, दरवाजाची रबरं ओली.

२. इंजिन. थंड इंजिन सुरुवातीला जास्त फेऱ्यांवर चालतं. तीन सिलिंडरच्या इंजिनात मिनिटाला ८०० फेरे असतील तर मुख्य कंपन २० हर्ट्झचं. १२०० फेऱ्यांना ३० हर्ट्झ. एखाद्या पत्र्याची नैसर्गिक कंपनसंख्या ३० च्या जवळ असेल तर तो फक्त सकाळीच झिणझिणणार.

३. शांतता. सकाळी काचा बंद, एसी बंद, रस्त्यावर वर्दळ नाही. आवाज दुपारीही येत असेल, पण दुपारी तो झाकला जातो.

४. वेळ. गाडी रात्रभर उभी असते. शॉकअपमधलं तेल, बुशांची रबरं, सगळं निवलेलं.

पाहा, "थंडी" या एका शब्दात किमान चार बदल लपलेत आणि ते चारही सोबत येतात, सोबत जातात. संशोधनाच्या भाषेत हे व्हेरिएबल एकमेकांत गुंतलेले आहेत. फक्त जास्त दिवस निरीक्षण करून ही गुंतागुंत सुटत नाही. तीस सकाळी नोंद केली तरी तीसही सकाळी थंडी आणि दव हातात हात घालूनच येणार. डेटा वाढतो, ज्ञान वाढत नाही. सॅम्पल साइज मोठा केला की सगळं ठीक होईल, असं वाटणाऱ्यांनी इथं जरा थांबावं.

यातल्या काही शंका झटपट निकाली निघतात. दुपारी गाडी उभी असताना ॲक्सिलरेटर हलका दाबून १२०० फेऱ्यांवर धरा. तीच झिणझिण आली तर तापमान निर्दोष. दुपारी काचा आणि एसी बंद करून शांत रस्त्यावर गाडी चालवा. तोच आवाज ऐकू आला तर तो सकाळचा नव्हताच. उरतात थंडी आणि दव.

चार चौकटी

दोन गुंतलेली कारणं सोडवायची तर निसर्गानं न दिलेल्या जोड्या आपण तयार करायच्या. आर. ए. फिशर यांनी शेतीच्या प्रयोगांतून ही विचारपद्धत रुजवली आणि १९३५ च्या त्यांच्या प्रयोगरचनेवरच्या पुस्तकात ती सविस्तर मांडली. आपल्या कामापुरत्या चार चौकटी अशा:

थंड आणि ओलं: पहाटे, रबर ओलसर.
थंड आणि कोरडं: पहाटे, रबर पुसून कोरडं केलेलं.
गरम आणि ओलं: दुपारी, रबरावर ओलं फडकं फिरवून लगेच.
गरम आणि कोरडं: दुपारी, आहे तसं.

एक बारकावा आहे. थंड-कोरड्या खेपेत फडकं फिरवलं की दवासोबत धूळही जाते. आवाज थांबला तर श्रेय कोरडेपणाचं की स्वच्छतेचं? म्हणून चारही खेपांत आधी कोरडं फडकं फिरवायचं आणि ओल्या खेपांत त्यानंतर ओलं. म्हणजे धूळ सगळीकडं सारखी.

बाकी सगळं कायम ठेवा: तोच रस्ता, तोच गतिरोधक, तोच वेग, तितकीच माणसं, काचा बंद, पंखा बंद. प्रत्येक चौकट किमान तीनदा. शक्य असेल तर एक चाक गतिरोधकावर आणि दुसरं खाली अशा तिरक्या बेतानं, अगदी हळू, गाडी न्या. बॉडीला पीळ पडतो आणि दरवाजे चौकटीत सरकतात. मोबाईलवर रेकॉर्डिंग शेजारी बसलेल्यानं करायचं, चालवणाऱ्यानं नाही. आणि मागं बसून ऐकणाऱ्याला रबर ओलं आहे की कोरडं हे सांगायचं नाही. आपल्याला जे ऐकायचं असतं ते कानाला आधी ऐकू येतं.

मामांच्या गाडीत काय निघालं

माझे मामा कर्जतहून खोपोलीला रोज कामाला जातात. गाडी दहा वर्षं जुनी हॅचबॅक. त्यांची तक्रार "थंडीत आवाज" एवढीच होती. आधी नुसतं नाव द्यायला बसलो तेव्हाच कळलं की आवाज दोन आहेत: पुढं खडखड, मागं डावीकडं कुरकुर.

चार चौकटींत पुढची खडखड फक्त दोन थंड खेपांत आली. ओलं-कोरडं यानं फरक पडला नाही. मागची कुरकुर दोन्ही ओल्या खेपांत आली, अगदी दुपारच्या उन्हातसुद्धा. थंड-कोरड्यात ती गायब. म्हणजे पहिल्या आवाजाचं कारण तापमान, दुसऱ्याचं दव. "थंडीमुळं" हे उत्तर अर्धं बरोबर आणि अर्धं चूक होतं, आणि दोन्ही आवाजांना एकच इलाज केला असता तर एक नक्की राहिला असता.

ओलं रबर का कुरकुरतं, हे वायपर आठवला की कळतं. काच पूर्ण ओली असते तेव्हा वायपर गुपचूप फिरतो. पाऊस थांबून काच अर्धवट सुकली की किंचाळतो. अर्धवट ओलेपणात कुठं पाण्याचा थर, कुठं रबराचा थेट स्पर्श अशी स्थिती असते. वेग वाढला की घर्षण कमी होतं, आणि अडक-सुटीला नेमकी हीच परिस्थिती मानवते.

चार चौकटींत आणखी दोन निकाल शक्य असतात. आवाज फक्त थंड-ओल्यात आला, तर दोन्ही कारणं एकत्रच लागतात. यालाच इंटरॅक्शन म्हणतात. आणि चारही चौकटींत आला, तर तुमचा सगळा सिद्धांत बाजूला ठेवून नव्यानं सुरुवात करायची.

खोपोलीच्या ज्या मेकॅनिकला दुपारी काहीच ऐकू आलं नव्हतं, त्यानंच नंतर मामांना सुचवलं, "काका, गाडी रात्री इथंच उघड्यावर ठेवा. सकाळी पहिली किल्ली मीच मारतो." प्रयोगरचना हा शब्द त्यानं वापरला नाही, पण बिघाड ज्या परिस्थितीत दिसतो तीच परिस्थिती गॅरेजमध्ये आणायची, हे त्याला नेमकं ठाऊक होतं.

इलाज

खडखडीसाठी आधी गाडी रिकामी करा: ग्लव्ह बॉक्स, नाण्यांचा कप्पा, डिकीतला जॅक, पाने, स्टेपनी. मग शेजारच्यानं चालत्या गाडीत एकेक पॅनल तळहातानं दाबून पाहायचं. जिथं दाबल्यावर आवाज थांबतो तिथं खूण करायची. सैल क्लिप बदला, दोन प्लॅस्टिक जिथं भिडतात तिथं पातळ फेल्टची टेप लावा. मामांच्या डॅशबोर्डचं काम एवढ्यात झालं.

मात्र पहाटे दिसणारी फट स्क्रू आवळून किंवा गोंद लावून कायमची बुजवू नका. वरचं गणित आठवा: दुपारी त्याच प्लॅस्टिकला फुगायला जागा लागते. जागा मिळाली नाही तर ते वाकतं आणि मे महिन्यात नवीन आवाज सुरू होतो.

रबरासाठी: ओल्या फडक्यानं पुसा, सुकवा, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. इंजिन ऑइल किंवा कुठलंही खनिज तेल लावू नका. ईपीडीएम रबर त्यात फुगतं. आणि बिजागरीत घरातलं खोबरेल घालणाऱ्यांसाठी: ते साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. डिसेंबरात बाटलीत थिजलेलं तेल तुम्ही रोज पाहता. बिजागरीतही ते तसंच थिजतं, नेमकं पहाटे.

हे आवाज प्रयोगासाठी थांबवू नका

सगळे आवाज निरुपद्रवी नसतात. खालापूर ओलांडून पुढं बोरघाट आहे, आणि घाटात प्रयोग करायचे नसतात. स्टिअरिंग वळवताना खटखट, ब्रेक दाबल्यावर धातू घासल्याचा आवाज, खड्ड्यात चाकाजवळ धप्प, यांपैकी काही असेल तर चार चौकटी बाजूला ठेवून गाडी थेट गॅरेजला न्या. बॉल जॉइंट, लिंक रॉड, ब्रेक पॅड यांची तपासणी आधी. सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला होणारी खरखर मात्र बहुधा दवामुळं डिस्कवर आलेल्या गंजाच्या पातळ थराची असते आणि लगेच जाते. चौथ्या-पाचव्या ब्रेकलाही राहिली तर पॅड तपासा.

एक सोपी खूण काँक्रीटच्या रस्त्यासाठी. आपल्याकडं काँक्रीटच्या स्लॅबचे आडवे सांधे साधारण ४.५ मीटरवर असतात. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ५ सांधे. टकटक याच लयीत येत असेल आणि वेग कमी केल्यावर त्याच प्रमाणात मंदावत असेल, तर ठोका रस्ता देतोय. तुमचं काम फक्त त्याला साद देणारा भाग शोधणं.

प्रयोगशाळेत हे कसं करतात

मोठ्या प्रमाणावर हेच चालतं. तापमान आणि आर्द्रता हवी तशी ठरवता येणाऱ्या खोलीत गाडी चार हायड्रॉलिक खांबांवर उभी करतात आणि खांबांतून रस्त्याची कंपनं देतात. तिथं थंडी आणि ओल वेगवेगळी हलवता येतात, जे आपल्याला फडक्यानं करावं लागलं. पुण्यात १९६६ मध्ये स्थापन झालेल्या एआरएआयमध्येही वाहनांच्या आवाज आणि कंपनांवर काम करणारी स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. जर्मन उद्योगाचं व्हीडीए २३०-२०६ हे मानक तर गाडी बनायच्या आधीच, कुठल्या दोन पदार्थांची जोडी कुरकुरेल हे तपासतं आणि तिला १ ते १० असा धोक्याचा अंक देतं. कुरकुर हा एका पदार्थाचा गुण नाही, जोडीचा आहे. म्हणून "हे प्लॅस्टिक वाईट" असं विधान तिथं कोणी करत नाही.

आता तुमच्यासाठी एक काम. तुमच्या संशोधनाच्या प्रस्तावातलं "अमुकमुळं तमुक होतं" असं एक वाक्य निवडा. अमुकसोबत नेहमी बदलणारी आणखी एक गोष्ट शोधा. कागदावर चार चौकटी आखा आणि निसर्ग किंवा उपलब्ध डेटा त्यातल्या कुठल्या दोनच भरतोय ते पाहा. उरलेल्या दोन तुम्ही कशा भरणार, हे चार ओळींत लिहा. गाईडसमोर पहिल्यांदा बसताना या चार ओळी सोबत ठेवा. पहिला प्रश्न बहुतेक तिथूनच येतो.